‘काय करता?’ आणि ‘काय करून राह्यले?’ : दैनंदिन इंग्रजी प्रश्नांतील साधा वर्तमानकाळ आणि वऱ्हाडी विद्यार्थी

बीजशब्द : साधा वर्तमानकाळ, रीती वर्तमानकाळ, प्रश्नरचना, साहाय्यक क्रियापद, वऱ्हाडी बोली

प्रस्तावना

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील महाविद्यालयांत पदवीच्या प्रथम वर्षाला प्रवेश घेणारा विद्यार्थी अनेक वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झाले. त्यामुळे आजच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हा काळ बारा वर्षांचा भरतो. ‘सिंपल प्रेझेंट टेन्स’ हा त्याने सर्वांत आधी शिकलेला काळ होय. विधानार्थी वाक्याचे प्रश्नार्थी वाक्य करा, असे परीक्षेत विचारले तर तो बहुधा चुकत नाही. परंतु हाच विद्यार्थी मुलाखतीला बसला आणि ‘व्हॉट डझ युअर फादर डू?’ हा साधा प्रश्न त्याच्यासमोर आला, की तो ‘माय फादर इज डूइंग फार्मिंग’ असे उत्तर देतो. स्वतःहून काही विचारण्याची वेळ आली तर ‘यू आर लिव्हिंग व्हेअर, सर?’ असे विचारतो. त्याच्या उत्तरातील माहिती खरी असते, हेतूही स्पष्ट असतो. मात्र समोर बसलेली व्यक्ती पहिल्या दोन मिनिटांतच त्याच्याविषयी आपले मत बनवून मोकळी होते.

अशा चुकांचे खापर साधारणपणे सरावाच्या अभावावर फोडले जाते व उपाय म्हणून आणखी काही रूपांतराची वाक्ये दिली जातात. प्रस्तुत लेखातील प्रतिपादन वेगळे आहे. विद्यार्थ्याला नियम ठाऊक असतो; त्या नियमामागील अर्थभेद त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो. विशेष म्हणजे हा अर्थभेद त्याच्या घरच्या बोलीत अगदी स्पष्टपणे नांदत असतो. शाळेत ती बोली ‘अशुद्ध’ म्हणून बाजूला ठेवली जाते, आणि तिच्याबरोबर इंग्रजीच्या या दाराची किल्लीही बाजूला पडते.

नावामुळे होणारा घोटाळा

पहिली अडचण पारिभाषिक आहे. शालेय मराठी व्याकरणात वर्तमानकाळाचे चार उपप्रकार शिकविले जातात : साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती. ‘तो शेतात जातो’ हा साधा वर्तमानकाळ, तर ‘तो शेतात जात असतो’ हा रीती वर्तमानकाळ. इंग्रजीच्या तासाला ‘सिंपल प्रेझेंट’ म्हणजे साधा वर्तमानकाळ असे सांगितले जाते. शब्दाला शब्द जुळतो आणि विद्यार्थी निश्चिंत होतो. प्रत्यक्षात इंग्रजीतील साधा वर्तमानकाळ हा मराठीतील रीती वर्तमानकाळाचे काम फार मोठ्या प्रमाणावर करतो. सवय, व्यवसाय, कायमचे वास्तव्य, वेळापत्रक, आवडनिवड यांविषयीचे प्रश्न त्याच्या कक्षेत येतात. बोलण्याच्या क्षणी डोळ्यांसमोर घडणारी क्रिया त्याच्या कक्षेत सहसा येत नाही.

मराठीचे ‘-तो, -ते’ हे रूप मात्र पुष्कळ सैल आहे. ‘मी रोज सहाला उठतो’ यात सवय आहे. ‘थांब, मी दार उघडतो’ यात पुढच्याच क्षणाची क्रिया आहे. ‘उद्या येतोस का?’ यात भविष्यकाळ आहे. निरोप घेताना आपण ‘येतो’ म्हणतो, तेव्हा तर प्रत्यक्षात जात असतो. एकाच रूपाने चार कामे करण्याची सवय असलेला विद्यार्थी ‘उद्या येतोस का?’ याचे ‘डू यू कम टुमॉरो?’ करतो. त्याच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नाही. इंग्रजीत मात्र ठरलेल्या बेताविषयी विचारायचे असल्यास ‘आर यू कमिंग टुमॉरो?’ असे म्हणावे लागते.

‘चहा घेता का?’

हा भेद सर्वांत ठळकपणे दिसतो तो आदरातिथ्याच्या प्रश्नात. वऱ्हाडातील कोणत्याही घरी पाहुणा आला की पाण्याच्या पेल्यापाठोपाठ ‘चहा घेता का?’ हा प्रश्न येतो. हा आग्रह असतो. विद्यार्थी त्याचे शब्दशः ‘डू यू टेक टी?’ असे इंग्रजी करतो. इंग्रजी भाषकाला हा प्रश्न सवयीची चौकशी वाटेल : तुम्ही चहा पिणाऱ्यांपैकी आहात की नाही? तो ‘येस, आय डू’ म्हणेल आणि स्वस्थ बसेल. आग्रहासाठी इंग्रजीत ‘वुड यू लाइक सम टी?’ किंवा ‘विल यू हॅव सम टी?’ अशी वेगळी व्यवस्था आहे. गंमत अशी, की चहा करताना ‘डू यू टेक शुगर?’ हा प्रश्न इंग्रजीत सहज विचारला जातो. कारण साखर घेणे अथवा न घेणे ही सवय असून त्या सवयीवरूनच आत्ताच्या कपाचा निर्णय होतो. वर्गात ही दोन वाक्ये शेजारीशेजारी ठेवली तर नियमाच्या पानभर विवेचनाने जे साधत नाही ते साधते.

घरगुती प्रसंगात असा गैरसमज हसण्यावारी जातो. दवाखान्यात तो हसण्यावारी नेता येत नाही. ‘डू यू टेक एनी मेडिसिन?’ हा डॉक्टरांचा प्रश्न रुग्णाच्या नेहमीच्या औषधांविषयी असतो. ‘आपण आत्ता काही घेत आहात का’ असा त्याचा अर्थ धरून ‘नो’ म्हणणाऱ्या रुग्णाची रक्तदाबाची रोजची गोळी नोंदीबाहेर राहू शकते. ‘डू यू स्मोक?’ या प्रश्नाचेही तसेच. परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र वा वैद्यकीय शाखेकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला हे प्रश्न उद्या स्वतः विचारावयाचे आहेत. शेतीच्या सर्वेक्षणातही हाच भेद कामाचा ठरतो. अकोल्याला १९६९ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात, ज्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे, शिकणाऱ्या विद्यार्थ्याने शेतकऱ्याला विचारलेले ‘काय पेरता?’ आणि ‘यंदा काय पेरले?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्याला सांगावे लागत नाही. इंग्रजी अहवालात मात्र ‘व्हॉट डू यू ग्रो?’ आणि ‘व्हॉट आर यू ग्रोइंग धिस इयर?’ यांची सरमिसळ होते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात ‘डू यू ड्रिंक धिस वॉटर?’ या प्रश्नाला मिळालेला होकार वर्षानुवर्षांच्या सवयीबद्दल आहे की टँकर न आलेल्या आठवड्याबद्दल, यावर निष्कर्ष बदलतो.

वऱ्हाडीतील ‘करून राह्यला’

आता बोलीकडे वळू. प्रमाण मराठीत चालू क्रियेसाठी ‘करत आहे’ व बोलण्यात ‘करतोय’ ही रूपे आहेत. तथापि ‘काय करतोस?’ हा प्रश्न सवयीसाठीही चालतो आणि चालू क्रियेसाठीही चालतो. वऱ्हाडीत या दोन अर्थांसाठी दोन निराळ्या रचना आहेत. ‘तुमी काय करता?’ म्हणजे तुमचा कामधंदा कोणता. ‘तुमी काय करून राह्यले?’ म्हणजे या घटकेला तुमचे काय चालले आहे. ‘तो कुठी जाते?’ आणि ‘तो कुठी जाऊन राह्यला?’ यांतही तेच अंतर आहे. अमरावतीच्या राजकमल चौकात कोणी ओळखीचा भेटला तर त्याला दुसराच प्रश्न विचारला जातो. पहिला विचारला तर तो बुचकळ्यात पडेल.

ही रचना हिंदीतील ‘कर रहा है’ या रचनेशी समांतर आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, जो १९०५ साली प्रसिद्ध झाला, वऱ्हाड व मध्यप्रांतातील मराठी बोलींची नोंद आहे. उत्तरेला हिंदी मुलुखाची लागून असलेली सीमा, १९०३ पासून वऱ्हाडाचे मध्यप्रांताशी झालेले प्रशासकीय एकत्रीकरण आणि बाजारपेठांतील हिंदीचा वावर पाहता या साधर्म्याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. पुण्या-मुंबईकडील श्रोत्याला ‘करून राह्यला’ ऐकून हसू येते. शाळेत तर ते कटाक्षाने दुरुस्त केले जाते. लेखनाच्या तासाला ही दुरुस्ती योग्यच आहे, कारण प्रमाणभाषा शिकविणे हे शाळेचे कर्तव्य आहे. मात्र तीच दुरुस्ती इंग्रजीच्या तासाला आड येते. ज्या विद्यार्थ्याच्या तोंडी ‘करते’ आणि ‘करून राह्यला’ हे भेद उपजत आहेत, त्याला आधी दोन्हींऐवजी ‘करतो’ म्हणावयास शिकवायचे आणि नंतर त्या एका ‘करतो’तून ‘डझ’ आणि ‘इज डूइंग’ वेगळे काढावयास सांगायचे, हा द्राविडी प्राणायाम आहे.

मराठी माध्यमातून इंग्रजी शिकविण्याची परंपरा भाषांतराची आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकविले आणि ती पद्धत आजही सर्वथा टाकाऊ नाही. त्या पद्धतीत भाषांतर होते ते प्रमाण मराठीवरून. वऱ्हाडातील वर्गापुरते ते वऱ्हाडीवरून करून पाहण्यास काय हरकत आहे? ‘व्हॉट डू यू डू?’ म्हणजे ‘काय करता?’, ‘व्हॉट आर यू डूइंग?’ म्हणजे ‘काय करून राह्यले?’. दोन ओळींत प्रकरण संपते.

अमरावतीत खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्याला तर हा भेद अनुभवाने कळतो. घर परतवाड्याला किंवा अकोटला, शिक्षणासाठी मुक्काम अमरावतीत. त्याला ‘आय लिव्ह इन परतवाडा, बट आय ॲम लिव्हिंग इन अमरावती धिस इयर’ असे नेमके म्हणता येते. म्हणजे ‘लिव्हिंग’ हे रूप स्वतः चूक नाही, तात्पुरत्या मुक्कामाला ते शोभते. त्याच न्यायाने ‘आय ॲम डूइंग बी. ए.’ हेही बरोबर आहे, कारण बी. ए. कधीतरी संपणार असते. वडिलांची शेती मात्र अशी संपणारी नसते. म्हणून ‘माय फादर इज अ फार्मर’, किंवा क्रियापदच हवे असेल तर ‘ही फार्म्स’.

‘डू’ कोठून आला?

अर्थभेद कळला तरी रचनेची अडचण उरतेच. ‘व्हॉट डू यू डू?’ या चार शब्दांत ‘डू’ दोनदा का, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडतो व बहुधा तो विचारत नाही. एक ‘डू’ जास्तीचा समजून तो गाळतो आणि ‘व्हॉट यू डू?’ म्हणतो. येथेही घरची बोली उपयोगी पडते. ‘तो कुठी राहून राह्यला?’ या वाक्यात ‘राह’ हा धातू दोनदा आला आहे. पहिला वास्तव्याचा अर्थ सांगतो. दुसऱ्यात वास्तव्याचा अर्थ उरलेला नाही, तो केवळ काळ दाखवितो. ‘व्हॉट डू यू डू?’ मध्ये क्रम उलटा आहे एवढेच : पहिला ‘डू’ अर्थाने रिकामा आणि काळ वाहणारा, दुसरा ‘करणे’ या अर्थाचा.

हा रिकामा ‘डू’ इंग्रजीत मुळापासून नव्हता. जुन्या इंग्रजीत मुख्य क्रियापदच कर्त्याच्या आधी आणून, ‘लिव्ह यू हिअर?’ अशा घाटाचे प्रश्न केले जात. प्रश्नांत ‘डू’ वापरण्याची पद्धत सोळाव्या शतकात झपाट्याने वाढली. स्वीडिश अभ्यासक अल्वार एलेगार्ड यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या बदलाची तपशीलवार मोजदाद केली आहे. शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही प्रकारचे प्रश्न आढळतात. एम. ए.च्या वर्गात शेक्सपिअर शिकविणाऱ्या प्राध्यापकांनी हे जाता जाता निदर्शनास आणून दिले तर व्याकरण आणि वाङ्मय यांच्यातील भिंत थोडी पातळ होईल. ‘इज’, ‘आर’, ‘कॅन’ ही क्रियापदे आजही जुन्याच पद्धतीने वागतात व स्वतःच कर्त्यापुढे उडी घेतात.

‘डू’ची तुलना मराठी प्रश्नार्थक ‘का’शी केली जाते. सुरुवातीला ती उपकारक आहे, पुढे मात्र ती फसवते. ‘का’ वाक्याच्या शेवटी येतो व कधीच बदलत नाही. ‘डू’ वाक्याच्या आरंभी येतो आणि काळ व पुरुष स्वतःवर घेतो. ‘ही लिव्हज इन अकोला’ या विधानात ‘स’कार क्रियापदाच्या शेपटाला असतो. प्रश्न करताना तो तेथून निघून ‘डझ’ला चिकटतो : ‘डझ ही लिव्ह इन अकोला?’ एकच ‘स’कार आहे, तो एकाच ठिकाणी बसणार. ‘डझ ही लिव्हज?’ ही चूक एकच बिल्ला दोघांनी लावण्यासारखी आहे. लिंगाच्या बाबतीत मात्र काम हलके होते. प्रमाण मराठीत ‘तो करतो, ती करते’ असा भेद आहे, वऱ्हाडीत अनेक ठिकाणी ‘तो करते, ती करते’ असे एकच रूप चालते, आणि इंग्रजीतही ‘ही डझ, शी डझ’ असे एकच. येथेही बोली इंग्रजीला अधिक जवळची निघाली, हा केवळ योगायोग असला तरी वर्गात वापरण्याजोगा आहे.

ज्या प्रश्नात ‘कोण’ हाच कर्ता असतो तेथे ‘डू’ लागत नाही, हे शालेय पुस्तकांत घाईने उरकले जाते. ‘हू टीचेस यू मॅथ्स?’ म्हणजे तुम्हाला गणित कोण शिकवितो. ‘हू डझ ही टीच?’ म्हणजे तो कोणाला शिकवितो. मराठीत ‘कोण’ आणि ‘कोणाला’ हा भेद प्रत्ययाने होतो. बोलण्यातील इंग्रजीत तो ‘डू’च्या असण्या-नसण्याने होतो. ‘हाऊ डू यू डू?’ हा तर आता नमस्काराचाच एक प्रकार आहे, त्याला प्रकृतीचे वर्तमान सांगण्याची आवश्यकता नाही.

‘आहे’चे ‘आर’

‘आर यू नो हिम?’ हा प्रश्न प्राध्यापकांनी असंख्य वेळा ऐकला असेल. त्याचे मूळ ‘तुला तो माहीत आहे का?’ या वाक्यात आहे. मराठीत माहिती, आवड, गरज या गोष्टी कर्त्याने करावयाच्या नसून त्याच्या ठायी असावयाच्या आहेत : मला माहीत आहे, मला आवड आहे, मला गरज आहे. त्या ‘आहे’चे भाषांतर ‘आर’ होते. इंग्रजीने या सर्व अवस्थांना क्रियापदे केले असल्यामुळे तेथे ‘डू यू नो’, ‘डू यू लाइक’, ‘डू यू नीड’ असेच विचारावे लागते. ‘तुझ्याजवळ पेन आहे का?’ याचेही ‘डू यू हॅव अ पेन?’ होते. ‘हॅव यू अ पेन?’ हे रूप जुन्या पाठ्यपुस्तकांत सापडते व ते चूक नाही, पण आज ते क्वचित ऐकू येते.

नेमक्या याच ठिकाणी वऱ्हाडीचा आधार तुटतो, हे प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. वऱ्हाडीत ‘समजून राह्यलं का?’ असे सहज विचारले जाते आणि त्यावरून ‘आर यू अंडरस्टँडिंग?’ तयार होते. प्रमाण इंग्रजीत ‘डू यू अंडरस्टँड?’ हवे. अर्थात ही प्रवृत्ती केवळ वऱ्हाडची नाही. अवस्थावाचक क्रियापदांना ‘इंग’ लावणे हे एकूण भारतीय इंग्रजीचे लक्षण मानले जाते. निसिम इझिकेल यांनी ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ या कवितेत त्याचा विनोदासाठी उपयोग केला आहे. भारतीय श्रोत्यांमध्ये या वापराने अर्थहानी होत नाही. म्हणून त्यावर लाल शाई खर्च करण्यापेक्षा ‘डू यू टेक मेडिसिन?’ सारख्या, जेथे अर्थच बदलतो अशा प्रश्नांवर ती खर्च करावी. विद्यार्थ्याला मात्र सांगून ठेवावे, की जाणणे, समजणे, आवडणे, हवे असणे या मोजक्या क्रियापदांपुरते ‘करून राह्यला’चे गणित लागू करू नये.

वर्गातील उपयोजन

यासाठी वेगळ्या प्रयोगशाळेची गरज नाही. बडनेरा स्थानक पुरेसे आहे. मुंबई-नागपूर मार्गावरील हे जंक्शन अमरावतीकरांच्या रोजच्या बोलण्यात असते. ‘ही गाडी बडनेऱ्याला थांबते का?’ हा वेळापत्रकाचा प्रश्न : ‘डझ धिस ट्रेन स्टॉप ॲट बडनेरा?’ गाडी वेग कमी करू लागली आणि डब्यातील कोणी विचारले, ‘थांबून राह्यली का?’, तर ‘इज इट स्टॉपिंग?’ विद्यार्थ्यांच्या जोड्या करून एकाने वऱ्हाडीत विचारावे, दुसऱ्याने त्याच प्रश्नाला इंग्रजी रूप द्यावे, आणि ‘राह्यला’ ऐकू आले की ‘इज’ किंवा ‘आर’, न आले की ‘डू’ किंवा ‘डझ’, एवढाच संकेत पाळावा. ‘उद्या येता का?’ आणि ‘चहा घेता का?’ हे दोन अपवाद फळ्याच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवावेत, कारण तेथे ‘राह्यला’ नसूनही ‘डू’ चालत नाही.

मूर्तिजापूर-अचलपूर ही अकोला आणि अमरावती जिल्ह्यांना जोडणारी नॅरो गेज ‘शकुंतला’ही या सरावात घेता येईल. ‘डझ द शकुंतला गो टू अचलपूर?’ असे विचारल्यावर वर्गातून ‘नो, इट डझन्ट’ असे उत्तर येईल, कारण ती गाडी बंद पडलेली आहे. मागील बाकावरून कोणीतरी ‘पयले जात होती’ असे म्हणेलच. त्या वाक्याच्या इंग्रजीसाठी ‘डिड’ लागतो, आणि पुढचा तास तेथून सुरू करता येतो.